हलक्या विमानांसाठी सोबत नेता येणारी ट्रॅफिक-सूचक उपकरणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये खासगी परवान्यावर किंवा क्लबच्या विमानातून उडणारे मराठी वैमानिक, तसेच अमेरिकेत आणि भारतात प्रशिक्षण घेणारे विद्यार्थी, आसपासची विमाने दाखवणाऱ्या छोट्या उपकरणांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उत्तरे मुख्यतः ब्रिटनमधील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, कारण तेथे एकाच आकाशात तीन-चार निरनिराळ्या पद्धतींची उपकरणे वावरतात आणि खरेदी करणाऱ्याचा गोंधळही त्यामुळेच होतो. अमेरिका आणि भारत यांच्याविषयीचे प्रश्न शेवटी घेतले आहेत.

हे उपकरण नेमके काय करते?

तळहातावर मावेल एवढ्या पेटीत एक जीपीएस, एक हवेचा दाब मोजणारा संवेदक, एक रेडिओ आणि एक बॅटरी असते. आसपासची विमाने आपले स्थान, उंची आणि वेग रेडिओवरून सतत जाहीर करत असतात. पेटी ते संदेश ऐकते आणि वायफायवरून टॅबलेटवरील नकाशाच्या अॅपकडे, म्हणजे बहुधा स्कायडेमन किंवा फोरफ्लाइटकडे पाठवते. नकाशावर मग ते विमान एका छोट्या बाणाच्या रूपात, तुमच्यापेक्षा किती फूट वर किंवा खाली आहे या आकड्यासह दिसते. काही उपकरणे केवळ ऐकतात, काही स्वतःचे स्थानही प्रक्षेपित करतात. हा फरक खरेदीपूर्वी समजून घ्यावा, कारण पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

दृश्य हवामानात डोळ्यांनी पाहूनच उडायचे असते. मग या उपकरणाची गरज का भासावी?

डोळ्यांना मर्यादा आहेत आणि त्या सरावाने जात नाहीत. बारकावे टिपणारा नजरेचा भाग अगदी अरुंद, जेमतेम एक-दोन अंशांचा असतो. निरभ्र, निळ्या आकाशात पाहण्यासारखे काही नसले की डोळे आपोआप जवळच्या अंतरावर स्थिरावतात आणि दूरचे विमान अंधुक होते. सर्वांत घातक गोष्ट अशी की, जे विमान खरोखर आपल्यावर आदळण्याच्या मार्गावर असते, ते काचेवर एकाच जागी स्थिर राहते. हलणारी वस्तू नजरेला खेचून घेते. ही मात्र ठिपक्यासारखी तेथेच राहते आणि शेवटच्या काही सेकंदांत एकाएकी मोठी होते.

अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तेथील नागरी उड्डाण प्रशासनाने, आपल्या मार्गदर्शक परिपत्रकात दिलेला हिशोब प्रत्येक वैमानिकाने एकदा तरी कागदावर मांडून पाहावा. वस्तू दिसणे, ती विमान आहे हे ओळखणे, ते आपल्या मार्गात येत आहे हे उमगणे, काय करायचे ते ठरवणे, हात हलणे आणि विमानाने प्रतिसाद देणे, या सर्वांना मिळून सुमारे १२.५ सेकंद लागतात. समोरासमोर येणारी दोन विमाने प्रत्येकी १०० नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने जात असतील तर तेवढ्या वेळात त्यांच्यातील सुमारे १,३०० मीटर अंतर संपते. या अंतरावरून समोरून येणाऱ्या सेस्ना १५२ चे पंख टोकापासून टोकापर्यंत पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाहून थोडे कमीच भरतात, आणि तेही एका बारीक आडव्या रेषेसारखे. ज्याला ती रेषा कोठे शोधायची हे ठाऊक नाही, त्याला ती वेळेत दिसणे हा बराचसा योगायोग असतो.

ऑस्ट्रेलियाच्या हवाई सुरक्षा अन्वेषण विभागाने १९९१ साली या विषयावर प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे नोंदवले आहे की, विमान कोणत्या दिशेला आहे याची पूर्वसूचना मिळालेल्या वैमानिकाचा शोध सूचनेविना केलेल्या शोधापेक्षा आठपट परिणामकारक ठरतो. या उपकरणांचे सारे मोल त्या आठपटीत आहे.

इंग्लंडमधील एक दुर्घटना येथे सांगितली पाहिजे. १७ नोव्हेंबर २०१७ रोजी बकिंगहॅमशायरमधील वॅड्सडनजवळ एक सेस्ना १५२ आणि एक गिंबाल काब्री हेलिकॉप्टर यांची हवेत टक्कर झाली आणि चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही हवाईयाने वायकोम्ब एअर पार्क या एकाच तळावरून निघाली होती. एक उच्च पंखांचे विमान, एक हेलिकॉप्टर; दोघांच्याही रचनेत काही दिशा झाकल्या जातात आणि तपासात असे दिसून आले की त्यांना एकमेकांना पाहण्याची संधी अत्यंत मर्यादित होती. केवळ सतर्कतेचा उपदेश करून अशी परिस्थिती टळत नाही, असे मला ठामपणे वाटते.

एडीएस-बी, फ्लार्म आणि पायलटअवेअर यांत फरक काय?

तिन्ही आपापल्या लहरींवर आणि आपापल्या संदेशपद्धतीत बोलतात.

एडीएस-बी ही आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीने स्वीकारलेली पद्धत आहे. प्रवासी विमाने, बहुतेक व्यावसायिक विमाने आणि हळूहळू खासगी विमानेही १०९० मेगाहर्ट्झवर आपले स्थान प्रक्षेपित करतात. ब्रिटनच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने, म्हणजे सीएएने, 'कॅप १३९१' या दस्तऐवजात कमी शक्तीच्या, विमानात कायम न बसवलेल्या एडीएस-बी उपकरणांसाठी निकष घालून दिले. स्कायएको २ हे त्यातील सर्वपरिचित उपकरण होय. ते पाठवतेही आणि ऐकतेही, आणि वेगळा परवाना विकत घेतल्यास फ्लार्मचे संदेशही ग्रहण करू शकते.

फ्लार्मचा जन्म २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये, आल्प्समधील ग्लायडरांच्या, म्हणजे बहुधा इंजिनाविना तरंगणाऱ्या विमानांच्या, टकरींच्या पार्श्वभूमीवर झाला. ग्लायडर वर चढणाऱ्या उष्ण हवेत गटागटाने घिरट्या घालतात. नेहमीच्या पद्धतीने अंतर मोजून इशारा दिला तर तेथे भोंगा कधी थांबणारच नाही. म्हणून फ्लार्म प्रत्येक यानाचा पुढील काही सेकंदांचा संभाव्य वळणदार मार्ग काढते आणि दोन मार्ग खरोखर छेदत असतील तरच ओरडते. युरोपात ते ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. पल्ला काही किलोमीटरांचाच असतो, पण ग्लायडरला तेवढा पुरतो. ग्लायडर क्षेत्रात हे उपकरण इतके रुजले आहे की, ब्रिटनमध्ये शनिवार-रविवारी एखाद्या ग्लायडर तळाजवळून जाणाऱ्याने फ्लार्म ऐकण्याची सोय नसणे ही मी गंभीर उणीव मानतो.

पायलटअवेअर हे ब्रिटनमध्येच विकसित झालेले उपकरण आहे. ते एडीएस-बी थेट ऐकते, स्वतःच्या 'पी३आय' या पद्धतीने प्रक्षेपण करते आणि जमिनीवरील स्वयंसेवकांनी उभारलेल्या केंद्रांच्या जाळ्याकडून ग्लायडरांची व इतर विमानांची माहिती मिळवते. जाळे दाट असेल तेथे चित्र फार चांगले दिसते. डोंगरांच्या आड किंवा खूप खालून उडताना मात्र केंद्राशी संपर्क तुटू शकतो आणि तेवढ्या काळापुरते त्याच्यामार्फत दिसणारे ग्लायडरही पडद्यावरून नाहीसे होतात.

फक्त ऐकणारे स्वस्त उपकरण घेतले तर चालेल का?

काहीच नसण्यापेक्षा ते चांगले. परंतु टक्कर टाळण्याचे काम दोघांचे असते. तुमचे लक्ष क्षणभर रेडिओवरील संभाषणाकडे किंवा इंधनाच्या काट्याकडे असेल, तर समोरच्याला तुम्ही दिसणे हाच उरलेला आधार असतो. सर्वांनी केवळ ऐकायचे ठरवले तर ऐकण्यासारखे काही उरणार नाही. ब्रिटिश सरकारने ऑक्टोबर २०२० पासून सीएएमार्फत अशा उपकरणांच्या किमतीच्या निम्मी, जास्तीत जास्त २५० पौंडांपर्यंत रक्कम परत देण्याची योजना राबवली, तिचा हेतूही अधिकाधिक विमाने इतरांना दिसावीत हाच होता.

माझ्या विमानात ट्रान्सपाँडर आहे. तरीही हे घ्यावे का? आणि घेतल्यास ट्रान्सपाँडर बंद ठेवता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी : मुळीच नाही. ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारच्या विचारणेला आपोआप उत्तर देणारे विमानातील यंत्र, कार्यक्षम असेल तर उड्डाणभर तो चालू ठेवणे नियमानेच बंधनकारक आहे आणि सोबत नेलेले उपकरण त्याची जागा घेत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ट्रान्सपाँडरच्या प्रकारावर ठरते. जुना मोड सी किंवा साधा मोड एस ट्रान्सपाँडर रडारच्या विचारणेला ओळख आणि उंची कळवतो, स्थान कळवत नाही. अशा वेळी सोबतच्या उपकरणातून एडीएस-बी प्रक्षेपण करणे उपयुक्त आहे. तुमचा ट्रान्सपाँडर जीपीएसला जोडलेला असून स्वतःच एडीएस-बी पाठवत असेल, तर उपकरण केवळ ग्रहण स्थितीत ठेवावे. एकाच विमानाचे स्थान दोन ठिकाणांहून जाहीर होऊ लागले की ऐकणाऱ्यांच्या पडद्यावर घोळ होतो.

प्रवासी विमानांना आणि हवाई वाहतूक नियंत्रकांना मी दिसेन का?

या बाबतीत बराच गैरसमज आहे. प्रवासी विमानातील टीकॅस ही यंत्रणा आसपासच्या ट्रान्सपाँडरांना प्रश्न विचारते आणि त्यांच्या उत्तरांवरून धोका ठरवते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी बोइंग ७४७ आणि कझाक इल्युशिन ७६ यांची टक्कर होऊन ३४९ जणांचा बळी गेला, त्यानंतर भारताने आपल्या आकाशात येणाऱ्या मोठ्या विमानांसाठी हीच यंत्रणा सक्तीची केली. स्कायएकोसारखे उपकरण ट्रान्सपाँडर नाही. ते विचारणेला उत्तर देत नाही. त्यामुळे टीकॅस तुमच्यामुळे त्या विमानाला वर किंवा खाली जाण्याचा आदेश देणार नाही, आणि नियंत्रकाच्या दुय्यम रडारवरही, म्हणजे ट्रान्सपाँडरच्या उत्तरांवर चालणाऱ्या रडारवरही, तुम्ही केवळ या उपकरणाच्या बळावर उमटणार नाही. फ्लार्म आणि पी३आय तर त्यांच्या ऐकण्याच्या कक्षेतच नसतात. ट्रान्सपाँडर सक्तीच्या क्षेत्रात हे उपकरण दाखवून प्रवेश मिळेल असे गृहीत धरू नये. प्रवेशाची अट वाचून किंवा रेडिओवरून विचारूनच पुढे जावे.

पडद्यावर कधी कधी बाणाऐवजी माझ्याभोवती नुसते वर्तुळ दिसते. त्याचा अर्थ काय?

जवळपास असे एक विमान आहे जे उंची सांगते पण स्थान सांगत नाही. उपकरण त्याच्या ट्रान्सपाँडरच्या संदेशाची तीव्रता मोजून अंतराचा अंदाज बांधते, दिशा मात्र त्याला कळू शकत नाही. तीव्रतेवरून काढलेले अंतर ढोबळच असते : हलक्या विमानाचा ट्रान्सपाँडर शे-सव्वाशे वॅटचा असू शकतो, मोठ्या विमानाचा त्याहून बराच अधिक. त्यामुळे दूरचे मोठे विमान जवळ भासते आणि जवळचे छोटे, त्यातही त्याची अँटेना धातूच्या अंगाआड गेली असेल, तर दूर भासते. वर्तुळ दिसले की आकड्याकडे पाहावे. उंचीतील फरक हजार फूट असेल तर निश्चिंत राहता येते. तो फरक घटत चालला असेल तर चहूबाजूंना नजर फिरवावी आणि लवकर, सावकाश उंची बदलावी.

उपकरण कॉकपिटमध्ये कोठे लावावे?

चांगल्या उपकरणाची वाईट कामगिरी बहुधा येथेच ठरते. या लहरी सरळ रेषेत जातात. इंजिन, धातूचे छत आणि कार्बन फायबर त्यांना अडवतात, आणि माणसाचे शरीरही त्या शोषून घेते. पिशवीत, मांडीजवळ किंवा सीटमागे ठेवलेले उपकरण घरी तपासताना उत्तम चालते आणि हवेत अर्ध्या दिशांना बहिरे होते.

शोषक-कपाने काचेवर, शक्य तितके उंच आणि अँटेना उभी राहील अशा रीतीने लावावे. जीपीएसला आकाश मोकळे दिसले पाहिजे. खालच्या पंखांच्या विमानात बाजूची काच सोयीची पडते. उच्च पंखांच्या विमानात पुढच्या काचेचा वरचा कोपरा बरा, मात्र तेथे तुमचीच नजर झाकली जाणार नाही हे सीटवर बसून, बेल्ट लावून तपासावे. आडवी पडलेली अँटेना ही नेहमीची चूक आहे. उभ्या अँटेनाचा संदेश आडव्या अँटेनाला क्षीण ऐकू येतो, कारण दोघांचे ध्रुवीकरण, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, जुळत नाही.

एखाद्या मित्राच्या विमानाबरोबर, आधी ठरवून आणि सुरक्षित अंतर राखून, त्याला तुम्ही पुढून, मागून, डावीकडून व उजवीकडून किती अंतरावर दिसता हे विचारावे. नाहीतर उड्डाणानंतर आपला मागोवा खुल्या संकेतस्थळावर पाहिला तरी तो कोणत्या वळणांवर तुटतो हे लक्षात येते.

आयकाओ कोड म्हणजे काय आणि तो का बदलावा लागतो?

प्रत्येक नोंदणीकृत विमानाला आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेच्या पद्धतीनुसार २४ बिटांचा एक अद्वितीय क्रमांक दिलेला असतो. तो सहा अक्षर-अंकांत लिहितात आणि ब्रिटिश विमानांचा क्रमांक सीएएच्या नोंदवहीत सहज सापडतो. हा क्रमांक विमानाचा असतो, उपकरणाचा किंवा वैमानिकाचा नव्हे. क्लबमध्ये आज एक पायपर वॉरियर आणि उद्या एक सेस्ना उडवणाऱ्याने दर वेळी अॅपमध्ये जाऊन तो बदलला पाहिजे.

न बदलल्यास काय होते हे पाहण्यासारखे आहे. तुमच्या विमानातील ट्रान्सपाँडर एका क्रमांकाने बोलतो आणि पेटी दुसऱ्या. पेटीला वाटते की अगदी शेजारी, तुमच्याच उंचीवर, तुमच्याच वेगाने एक परके विमान चालले आहे, आणि ती संपूर्ण उड्डाणभर इशारे देत राहते. वैमानिक वैतागून आवाज बंद करतो. खरे विमान जवळ येते तेव्हा पेटी गप्प असते. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वीच्या तपासयादीत 'कोड आणि कॉलसाइन (रेडिओवरील नाव)' ही ओळ पेनाने लिहून घ्यावी.

दुसऱ्या विमानाची दाखवलेली उंची कितपत विश्वासार्ह असते?

बऱ्यापैकी. दोन्ही विमाने १०१३.२५ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबाच्या आधारे उंची सांगतात, त्यामुळे तुमच्या आणि त्याच्या अल्टिमीटरवर (उंचीमापकावर) वेगवेगळे दाब लावलेले असले तरी दोघांतील फरक बरोबर येतो. सोबतचे उपकरण केबिनमधील दाब वापरते. हवेची झडप किंवा खिडकी उघडल्यास तो किंचित बदलतो, आणि एका हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे जवळजवळ ३० फूट. एवढी तफावत चालण्यासारखी आहे. मात्र पडद्यावर १०० फुटांचा फरक दिसत असेल तर ते विमान आपल्याच उंचीवर आहे असे समजावे.

इशारा आल्यावर काय करावे?

बाहेर पाहावे. उपकरणाने सांगितलेल्या दिशेला, क्षितिजाच्या किंचित वर-खाली, नजर थोडी थोडी सरकवत आणि प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबवत शोधावे. डोके पुढे-मागे करून खिडकीच्या पट्टीआडचा भाग तपासावा आणि गरज पडल्यास पंख उचलून पाहावे. विमान दिसले की नेहमीचे नियम लागू होतात : समोरासमोर असल्यास दोघांनीही उजवीकडे वळावे, मार्ग छेदत असल्यास उजव्या बाजूच्या विमानाला प्राधान्य द्यावे.

दिसले नाही आणि अंतर घटतच असेल तर केवळ पडद्यावरील बाण पाहून झटक्याने वळू नये. तो बाण एक-दोन सेकंद जुना असू शकतो, आणि वळताना तुमचाच पंख नेमकी तीच दिशा झाकू शकतो. उंचीत फरक पाडणे, तेही लवकर, हा बहुधा शहाणपणाचा मार्ग असतो. सर्किटमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या ठरावीक फेरीत, मात्र अचानक उंची बदलल्याने तुम्ही तिसऱ्याच्या वाटेत येऊ शकता. तेथे रेडिओवरून स्थान सांगणे आणि विचारणे अधिक उपयोगी पडते. कित्येक टकरी स्वच्छ हवामानात, भर दिवसा, विमानतळाच्या जवळपासच झालेल्या आहेत. त्यामुळे डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने जाणाऱ्या टप्प्यावर, वळल्यावर टॅबलेटकडे पाहणे जवळजवळ थांबवावे आणि इशारा ब्लूटूथने हेडसेटमध्ये ऐकू येईल अशी सोय आधीच करून ठेवावी.

पडदा रिकामा असेल तर आकाश मोकळे आहे असे समजावे का?

नाही. जुने, विजेची सोयच नसलेले विमान, पॅराग्लायडर, हँग ग्लायडर, फुगा, काही लष्करी विमाने, बॅटरी संपलेले उपकरण घेऊन उडणारा दुसरा वैमानिक आणि तुमच्या उपकरणाला न समजणाऱ्या पद्धतीत बोलणारा प्रत्येकजण त्या रिकाम्या पडद्याच्या मागे असू शकतो. शिवाय ही सारी व्यवस्था जीपीएसवर उभी आहे. पूर्व भूमध्य समुद्र किंवा बाल्टिक परिसरात जेथे जीपीएसमध्ये हस्तक्षेप होतो, तेथे स्थाने चुकू शकतात किंवा गायब होऊ शकतात. मोकळ्या, नियंत्रणाबाहेरील आकाशात असे उपकरण सर्वांना सक्तीचे नाही, हेही लक्षात असू द्यावे.

बॅटरी आणि उष्णतेबद्दल काय काळजी घ्यावी?

उपकरण पूर्ण भारित करून निघावे आणि जोडणीची तार सोबत ठेवावी. उन्हात काचेमागे उपकरणापेक्षा टॅबलेट आधी दगा देतो. आयपॅड ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या परिसर-तापमानासाठी बनवलेला आहे आणि त्यापुढे तो स्वतःहून बंद पडू शकतो. फुगलेली किंवा आपटलेली लिथियम बॅटरी विमानात नेऊ नये.

माझे प्रत्येक उड्डाण लोकांना दिसेल का?

एडीएस-बी संदेश उघडे असतात. जमिनीवर साधा रिसीव्हर असलेली कोणतीही व्यक्ती ते ऐकू शकते. फ्लार्ममध्ये मागोवा प्रसिद्ध होऊ न देण्याची सोय आहे. खासगीपणाची चिंता रास्त आहे, पण त्यापायी प्रक्षेपण बंद ठेवणे मला पटत नाही.

अमेरिकेत परिस्थिती वेगळी आहे का?

होय. तेथे १ जानेवारी २०२० पासून बहुतांश नियंत्रित हवाई क्षेत्रांत एडीएस-बी प्रक्षेपण सक्तीचे झाले आणि ते विमानात बसवलेल्या, निकष पूर्ण करणाऱ्या यंत्रणेनेच करावे लागते. सेंट्री किंवा स्ट्रेटससारखी सोबत नेण्याची उपकरणे केवळ ग्रहण करतात. अमेरिकेत १०९० खेरीज ९७८ मेगाहर्ट्झवरही एडीएस-बी चालते, म्हणून दोन्ही लहरी ऐकणारे उपकरण घ्यावे.

एक खाचखळगा विद्यार्थ्यांच्या हमखास नजरेतून सुटतो. जमिनीवरील केंद्रे रडारवर दिसणाऱ्या इतर विमानांची माहितीही प्रसारित करतात, परंतु ती एडीएस-बी प्रक्षेपण करणाऱ्या विमानाभोवतीच्या १५ सागरी मैल त्रिज्येच्या आणि ३,५०० फूट वर-खाली अशा क्षेत्रापुरती बेतलेली असते. तुमचे विमान प्रक्षेपण करत नसेल तर दुसऱ्या कोणासाठी पाठवलेले तुकडे तुम्हाला ऐकू येतात आणि चित्र पूर्ण असल्याचा भास होतो.

बारामती, गोंदिया किंवा शिरपूर येथे प्रशिक्षण घेताना परदेशातून आणलेले उपकरण वापरता येईल का?

ते परस्पर चालू करू नये. भारतात रेडिओ प्रक्षेपण करणाऱ्या उपकरणाला दूरसंचार विभागाची परवानगी लागते, आणि विमानात काय वापरायचे याबाबत डीजीसीए या भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम व संस्थेची कार्यपद्धती लागू होते. ब्रिटनमधील सीएएची मान्यता येथे आपोआप चालत नाही. फ्लार्मसारख्या उपकरणांच्या लहरीही प्रदेशानुसार बदलतात. युरोपात ८६८ मेगाहर्ट्झजवळ चालणारे उपकरण उत्तर अमेरिकेत ९१५ च्या आसपास चालते. मुख्य उड्डाण प्रशिक्षकांना लेखी विचारावे. त्याहून मोठा प्रश्न असा की, तुमच्याबरोबर सर्किटमध्ये असलेल्या प्रशिक्षण विमानांतून त्या पद्धतीचे संदेश येतात का. येत नसतील, तर तेथे अचूक आणि वेळेवर दिलेली रेडिओ हाक हेच सर्वांत भरवशाचे साधन आहे.

मग ब्रिटनमध्ये पहिले उपकरण कोणते घ्यावे?

आपल्या तळावर आणि नेहमीच्या मार्गावर कोण उडते ते आधी पाहावे. आसपास ग्लायडर क्लब असतील तर फ्लार्म ऐकू येणे आवश्यक धरावे. प्रक्षेपणासाठी मी एडीएस-बीची बाजू घेईन, कारण ते ऐकणारी उपकरणे सर्वाधिक आहेत. तुमच्या अॅपशी ते जुळते का, विमानात लावायला जागा आहे का आणि क्लबमधील इतरांनी त्याच विमानात ते कोठे लावले आहे, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे आणि मगच काही शे पौंड खर्च करावेत. पहिल्या दोन-तीन उड्डाणांना दुसरा वैमानिक सोबत घ्यावा, म्हणजे अॅपची सवय होईपर्यंत एकाचे डोळे सतत बाहेर राहतील.